पतसंस्थेच्या स्लॅबवरची डिश : रेडिएशन तपासणीच्या नोंदी

६ एप्रिल

औसा तालुक्यातलं गाव आहे, नाव टाकत नाही. पतसंस्थेची शाखा खाली, मालकीणकाकू मधल्या मजल्यावर, आणि वर स्लॅबवर १.२ मीटरची व्हीसॅट डिश, म्हणजे सॅटेलाईटवरून शाखेचं नेट चालवणारी. गावात फायबर आलंय म्हणतात पण रस्त्याचं काम निघालं की जेसीबी केबल उचकटून टाकतो, म्हणून सॅटेलाईटवर शाखा चालते. मॅनेजर साहेबांचा फोन आला, सर एकदा येऊन जा, शेजारचे मामा रोज भांडायला येऊलालेत, त्यांची सून सातव्या महिन्यात आहे आणि कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलंय की डिशच्या रेडिएशननं पोटातल्या लेकराला धोका. मामांचं म्हणणं एकच, "ते यंत्र आमच्याकडंच तोंड करून बसलंय की ओ."

आधी फोनवरच विचारून घेतलं की डिश पाठवणारी आहे का नुसती घेणारी. घरावरच्या डीटीएच डिशमधून काहीच बाहेर जात नाही, तिथं फक्त एलएनबी असतो, तो कान आहे, तोंड नाही. व्हीसॅटला मात्र एलएनबीच्या जोडीला बीयूसी असतो, पंखासारख्या पट्ट्या असलेला जड डबा, हात लावला तर गरम लागतो, तोच १४ गिगाहर्ट्झवर वरती पाठवतो. मॅनेजरनी फोटो पाठवला, बीयूसीवर ४ वॅटचं लेबल स्पष्ट दिसतंय. म्हणजे मामांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही, डिश खरंच पाठवते. उत्तर आकड्यात द्यावं लागणार, "काही होत नाही हो" म्हणून हात झटकले तर भांडण वाढतं.

७ एप्रिल

घरी बसून गणित. अमेरिकेच्या एफसीसीचं (तिथलं दूरसंचार नियामक खातं) १९९७ चं बुलेटिन ६५ आहे, त्यात डिशसाठी सोपी सूत्रं दिलीत, जगभर लोक तीच वापरतात, आणि ती मुद्दाम वाईटात वाईट धरून केलेली असतात त्यामुळं खरा आकडा सहसा खालीच येतो.

डिश १.२ मीटर, पॉवर ४ वॅट पूर्ण धरली (केबलमधली घट, मुद्दाम कमी ठेवलेली पॉवर, काही वजा केलं नाही), फ्रिक्वेन्सी १४.२५ गिगाहर्ट्झ म्हणजे तरंगलांबी २.१ सेंटिमीटर, एफिशियन्सी ६५ टक्के. गेन, म्हणजे डिश सगळी शक्ती एका दिशेला किती गोळा करते ते, आला साधारण ४३ डीबी.

डिशच्या पत्र्याजवळ जास्तीत जास्त १४ वॅट प्रति चौरस मीटर. निअर फील्ड, म्हणजे डिशच्या जवळचा पट्टा, १७ मीटरपर्यंत, त्यात बीमच्या (डिशमधून निघणाऱ्या झोताच्या) आत कमाल ९.२ वॅट, तेही प्रति चौरस मीटरच, पुढं तीव्रतेला नुसतं वॅट लिहितो. इथं लोकांचं चुकतं, त्यांना वाटतं डिशपासून एकेक पाऊल लांब गेलं की भराभर कमी होतं. तसं नाही. पहिल्या १७ मीटरात बीम पसरतच नाही, डिशच्याच जाडीचा सरळ खांब असतो, म्हणून १ मीटरवर आणि १५ मीटरवर कमाल तेवढीच धरायची. ४१ मीटरच्या पुढं 'फार फील्ड', म्हणजे लांबचा पट्टा, तिथं अंतराच्या वर्गानं घट सुरू होते. बीमच्या आतच राहिलं तर १ वॅटच्या खाली यायला ८० मीटरच्या वर जावं लागतं.

आणि फीडहॉर्नचं तोंड, म्हणजे डिशसमोर दांड्यावर बसवलेला भोंगा, ज्यातून लहरी निघून पत्र्यावर पडतात. हे वेगळंच प्रकरण आहे. ८ सेंटिमीटरच्या तोंडातून सगळे ४ वॅट निघतात, तेच सूत्र लावलं तर ३२०० वॅट प्रति चौरस मीटरच्या आसपास. भर दुपारचं ऊन साधारण १००० असतं, हे त्याच्या तिप्पट, फक्त वीतभर जागेत. अर्थात उन्हासारखं हे चामडीच्या अगदी वरच्या थरात अडत नाही, दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन तापवतं, आणि चटका कळायच्या आत डोळ्याला त्रास होऊ शकतो कारण डोळ्याच्या भिंगात रक्तपुरवठा नसतो, उष्णता वाहून न्यायला काही नाही.

मर्यादा कुठली धरायची यावर विचार केला. आयसीएनआयआरपी या रेडिएशनच्या मर्यादा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची साध्या जनतेसाठी १० वॅट प्रति चौरस मीटर, कामगारांसाठी ५०. आपल्याकडं दूरसंचार विभागानं १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाईल टॉवरसाठी त्याच्या एक दशांश केली, म्हणजे या फ्रिक्वेन्सीला १ वॅट. तो नियम टॉवरसाठी लिहिलेला आहे, व्हीसॅटला जसाच्या तसा लागतो असं मी म्हणत नाही, पण सातव्या महिन्यातल्या बाईच्या घरच्यांशी बोलायचंय तर कडक आकडाच धरणार. १ वॅट धरला.

९ एप्रिल

साईटवर. सकाळी लवकर निघालो तरी दहा वाजता स्लॅब तापलेला, चपलेतून चटके. वर गेलो तर अर्ध्या स्लॅबवर काकूंच्या कुरडया. गव्हाचा चीक रात्री शिजवून पहाटे साच्यातनं पाडलेल्या, प्लास्टिकवर ओळीनं, डिशच्या अगदी पाठीमागं. काकू म्हणाल्या, "ह्याच्यामुळं कुरडया लवकर वाळायल्यात का काय, बगा बरं." म्हणलं काकू, ते एप्रिलचं ऊन आहे, डिशला क्रेडिट देऊ नका.

पण जे बघून पोटात गोळा आला ते वेगळं, कपडे वाळत घालायची दोरी. एक टोक जिन्याच्या खोलीच्या खिळ्याला आणि दुसरं टोक सरळ फीडच्या दांड्याला बांधलेलं, त्यावर ओला टॉवेल, दोन लुगडी. फीडहॉर्न इथं बरोबर छातीच्या उंचीला येतो, कपडे घालताना माणूस हॉर्न आणि पत्र्याच्या मधे उभा राहतो, म्हणजे अख्ख्या स्लॅबवर जी एकमेव जागा खरंच टाळायची तिथं रोज सकाळी काकूंचा हात. दोरी तिथून सोडवली, काकूंना दुसरीकडं बांधून दिली. त्या जराशा नाराज झाल्या, "दोन वर्षं झाली बांधून, काही झालं नाही मला." खरंय, व्हीसॅट सतत पाठवत नाही, शाखेत व्यवहार झाला की छोटे बर्स्ट जातात, बाकी वेळ गप्प. सरासरी कमीच भरते. पण ते नशिबावर सोडायचं नसतं, ऑडिटच्या दिवशी डेटा धो धो जातो.

आता मामांचा मुद्दा, तोंड आमच्याकडं. खरंच डिश बघितली तर मामांच्या स्लॅबकडंच बघतेय असं वाटतं. फोनवरचं अँगल ॲप पत्र्याला लावलं, ४६ अंश दाखवतंय. पण ही ऑफसेट डिश आहे, म्हणजे मोठ्या गोल वाडग्याचा वरचा तुकडा कापून घेतलेला असतो आणि फीड मधोमध नसून खाली असतो, त्यामुळं पत्रा जिकडं बघतो तिकडं बीम जात नाही, या डिशला त्याच्या २२ अंश वर जातो. सॅटेलाईट ७४ अंश पूर्व रेखांशाचा, विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच. औशातून तो दक्षिणेला जरासा पश्चिमेकडं, दिशा १८८ आणि उंची ६८ अंश. ४६ अधिक २२, बरोबर ६८. कागद आणि पत्रा जुळले.

६८ अंश म्हणजे जवळजवळ डोक्यावर. एक मीटर पुढं गेलं की बीम अडीच मीटर वर चढतो. मामांचा स्लॅब डिशपासून ९ मीटर दक्षिणेला आणि एक मजला उंच. तिथं पोचेपर्यंत बीम डिशच्या २२ मीटर वर गेलेला असतो, मामांच्या स्लॅबवर उभ्या माणसाचं डोकं डिशपेक्षा फारतर ४ मीटर वर. बीमच्या काठापासून त्या डोक्याचं आडवं अंतर मोजलं तर सहा मीटरच्या वर. बुलेटिनचा नियम असा की बीमच्या मधल्या रेषेपासून डिशच्या एका व्यासाइतकं बाजूला गेलं की तीव्रता किमान शंभर पटीनं खाली, इथं तर काठापासूनच पाच व्यास सुटतात. शंभर पट धरलं तरी ०.०९ वॅट, कडक मर्यादेच्या एक दशांशच्या आत. साईड लोबच्या (बीमबाहेर बाजूला सांडणाऱ्या लहरींच्या) हिशोबानं अंदाज काढला तर ०.०००२ वॅटच्या आसपास येतो, ते सूत्र फार फील्डचं आहे त्यामुळं त्यावर सही करणार नाही, पण मोजताना काय अपेक्षा ठेवायची ते कळतं.

मामांना वर बोलावलं, एक लांब बांबू डिशच्या पुढं ६८ अंशावर तिरपा धरून दाखवला. "इतकं वर जातंय व्हय," म्हणाले, बांबूच्या टोकाकडं बघत राहिले. मग लगेच, "पण कागदावर पाहिजे." कागद देणार म्हणलं, पण मोजून.

९ एप्रिल, रात्री

एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. निघताना मॅनेजर बोलता बोलता म्हणाले की महिन्यातून एकदोनदा सकाळीच लिंक जाते, पाच-दहा मिनिटं, परत आपोआप येते, कंपनीला फोन केला की ते म्हणतात पावसामुळं. एप्रिलात, औशात, पाऊस. केयू बँडला (आपली ही १४ गिगाहर्ट्झची पट्टी) जोरदार पावसानं लिंक जाते हे खरंय पण ढग तरी पाहिजे ना आभाळात.

मॉडेमचा लॉग फोटो काढून आणलाय. दरवेळी आधी रिसीव्ह लॉक गेलाय, मग ट्रान्समिट म्यूट. म्हणजे डिशसमोर काहीतरी येतंय. व्हीसॅट मॉडेमचा स्वभावच तसा, सॅटेलाईटचं ऐकू यायचं बंद झालं की तो स्वतः पाठवणं थांबवतो, नाहीतर भलत्याच वेळेला भलतीकडं बडबड करून दुसऱ्यांच्या लिंक बिघडवेल.

उद्या काकूंना फोन.

१० एप्रिल

सापडलं. टाकी.

डिशच्या पुढं दीड मीटरवर सिमेंटची पाण्याची टाकी आहे, वरचा स्लॅब आमच्या स्लॅबपासून अडीच मीटर उंच. काल मी टाकीचा कोपरा बीमपासून मोजला होता, २४ सेंटिमीटर मोकळं सुटतंय, ठीक म्हणून पुढं गेलो होतो, कारण डिश बसवणाऱ्यानंही तेवढंच बघितलेलं असणार, सिग्नल येतोय ना मग झालं. पण टाकीचं झाकण डिशकडच्याच कडेला आहे. टाकी धुवायला जो पोरगा येतो तो झाकणाशी उभा राहून बादल्या ओढतो. आता उभ्या माणसाचं डोकं डिशच्या मध्यापेक्षा ३.२ मीटर वर, पुढं दीड मीटर, गणित मांडलं तर बीमच्या मधल्या रेषेपासून फक्त वीस सेंटिमीटर. म्हणजे डोकं, छाती बीमच्या आत. काकूंनी तारखा सांगितल्या, नळाला पाणी यायच्या आदल्या दिवशी टाकी धुतात, मॉडेमच्या लॉगशी पटापट जुळल्या.

सगळं गाव मामांच्या सुनेची काळजी करतंय आणि बीममधे उभा राहणारा एकमेव माणूस म्हणजे टाकी धुणारा पोरगा, त्याला कुणी विचारलं पण नाही.

त्याला किती मिळत असेल? गणितानं कमाल ९.२ वॅट, आंतरराष्ट्रीय १० च्या आत, आपण धरलेल्या १ च्या नऊपट. त्यात तो पूर्ण आडवा आला की लिंक जाते आणि मॉडेम म्यूट होतो, म्हणजे त्याचं अंगच स्विच बंद करतं. ऐकायला भारी वाटतं पण याला सेफ्टी म्हणायचं नाही. अर्धवट आडवा आला, नुसतं डोकं किंवा खांदा आत असला तर रिसीव्ह टिकून राहतं आणि पाठवणंही चालू राहतं.

१५ एप्रिल

मोजणी. मीटरवर थोडं लिहितो कारण इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मामांच्या पुतण्यानं ऑनलाईन मागवलेला एक छोटा मीटर आणला होता, लाल दिवा लावून पीप पीप करतोय, सगळे घाबरलेले. त्याच्या पाठीवर वाचलं, ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत. म्हणजे १४ गिगाहर्ट्झचं त्याला काही दिसतच नाही, तो ओरडत होता ते पुतण्याच्या खिशातल्या मोबाईलला आणि जिन्यातल्या वायफायला. मोबाईल खाली ठेवून ये म्हणलं, पीप पीप थांबली.

मी भाड्यानं आणलेला प्रोब १८ गिगाहर्ट्झपर्यंतचा, तिन्ही दिशांनी एकत्र मोजणारा, कॅलिब्रेशन सर्टिफिकेट चालू वर्षाचं. पण असल्या प्रोबला बर्स्ट नीट मोजता येत नाहीत, शाखा नेहमीसारखी चालू असताना मोजलं तर आकडा कमी दिसेल आणि मामा म्हणतील की मुद्दाम तसं केलं. म्हणून हबच्या, म्हणजे सॅटेलाईट कंपनीच्या मुख्य केंद्राच्या, कंट्रोल रूमला फोन करून सलग कॅरिअर (न थांबता जाणारा सिग्नल) मागितला. डिश नवीन बसवल्यावर क्रॉस पोल नावाच्या चाचणीला असा कॅरिअर लावतातच, त्यांना नवीन काही नाही, फक्त शाखेचं काम तेवढा वेळ बंद. साडेनऊची वेळ दिली, दहाला काउंटर उघडायचं होतं, म्हणून पळापळ.

मीटर व्होल्ट प्रति मीटर दाखवतो. वर्ग करून ३७७ नी भागलं की वॅट प्रति चौरस मीटर. १ वॅट म्हणजे १९.४ व्होल्ट, १० वॅट म्हणजे ६१, एवढं पाठ असलं की स्लॅबवर कॅल्क्युलेटर काढावा लागत नाही.

मामांचा स्लॅब, कॅरिअर चालू : ०.९ व्होल्ट. कॅरिअर बंद : ०.९ व्होल्ट. म्हणजे तिथं जे काही आहे ते वेशीजवळच्या मोबाईल टॉवरचं, डिशचा त्यात पत्ता नाही. ०.००२ वॅट होतात. सूनबाई स्वतः वर आल्या होत्या, मीटरच्या काचेकडं एकटक बघत होत्या, त्यांनीच विचारलं, "भाऊ, बंद केल्यावर पण तेवढंच कसं?" सगळ्यात चांगला प्रश्न त्यांनी विचारला आज. सांगितलं की हे दुसरंच आहे, टॉवरचं, आणि ते पण मर्यादेच्या खूप खाली.

कुरडयांची जागा, डिशच्या मागं : १.१ व्होल्ट. डिशच्या बाजूला एक मीटरवर : १.६. काहीच नाही.

टाकीवर मी चढलो नाही. मीटर पीव्हीसी पाईपाला बांधून, मॅक्स होल्डवर (सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो) टाकून, खालून बीममधे सरकवला. ३८ व्होल्ट. म्हणजे ३.८ वॅट. गणितापेक्षा कमी कारण हबनं पॉवर मागं ओढून ठेवलेली असते, पूर्ण ४ वॅटवर कुणी चालवत नाही. तरी धरलेल्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट. पोरगा शेजारीच उभा होता, त्याला पाईपाचं टोक आणि आकडा दोन्ही दाखवलं. तो हसला, "म्हणून लिंक जायली का सायेब, मला मॅनेजर ओरडायचे नेट गेलं म्हणून."

हॉर्नच्या तोंडाशी प्रोब नेला नाही. प्रोबचं डोकं त्या तोंडाएवढंच, तिथला आकडा खरा येत नाही आणि प्रोब जळायची भीती. तिथं गणित पुरे.

१६ एप्रिल

मॅनेजरांचं म्हणणं, धोक्याची पाटी लावू आणि संपवू. पाटी लावाच, पण पाटीवर भरवसा ठेवू नका म्हणलं, दोन पावसाळ्यात अक्षरं उडतात आणि टाकी धुणारा माणूस बदलतो. डिश हलवायची. टाकीच्या समोरून पूर्वेच्या कोपऱ्यात चार मीटर सरकवली की टाकी बीमच्या काठापासून तीन मीटरच्या वर बाजूला राहते, एका व्यासाचा नियम आरामात पाळला जातो. मामांचं अंतर तेवढंच राहतं, हेही बघून घेतलं. खर्च फार नाही, केबल पुरते, एका सकाळचं काम आणि हबकडून परत पॉइंटिंग.

जाता जाता, असंच गणित एकदा १.८ मीटर डिश आणि २०० वॅटच्या अँप्लिफायरचं मांडलं होतं, टीव्हीवाल्यांच्या थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅनसारखं. निअर फील्डमधे २०० वॅट प्रति चौरस मीटरच्या वर. तुळजापूरला नवरात्रात अशा व्हॅनच्या टपावर पोरं बसून गर्दी बघायची. आता बरेचसे चॅनलवाले मोबाईल नेटवर्कच्या बॅगा पाठीवर घेऊन फिरतात ते बरंच झालं. गावातल्या ४ वॅटवर भांडणं आणि तिथं कुणी बघायलाही नाही.

२३ एप्रिल

डिश हलवली. पाया म्हणून आठ सिमेंट ब्लॉक, स्टँडला वजन. सिग्नल आधीपेक्षा बरा आला कारण टाकीचा कोपरा आता जवळ नाही. कॅरिअर लावून परत मोजलं, टाकीवर झाकणाशी उभं राहिल्यावर डोकं येतं त्या उंचीला १.० व्होल्ट, मामांकडं तेच ०.९. हॉर्नच्या भोवती काकूंची दोरी परत येऊ नये म्हणून कमरेइतकं जाळीचं कुंपण केलं, त्याला कडी आणि कुलूप, किल्ली शाखेत. फीडजवळ काम करायचं असेल तर आधी खाली मॉडेम बंद करून प्लग हातात घेऊन वर यायचं, हे कागदावर लिहून मॉडेमशेजारी चिकटवलं.

मामांना एक पानाचं पत्र दिलं, मराठीत, आकडे, चालू-बंद दोन्ही रीडिंग, बीमचं चित्र. वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि म्हणाले, "मग त्या टॉवरचं बी मोजून द्या की." ते दूरसंचार विभागाच्या पोर्टलवर अर्ज केला की मोजून मिळतं, तसं सांगितलं, पुतण्या भरतो म्हणाला.

राहिलेलं काम एकच आणि माझ्या मते या सगळ्यात तेच मोठं. डिशला अर्थिंग नाही. बसवणाऱ्यानं वायर स्टँडला जोडून दुसरं टोक भिंतीवरून नुसतं खाली सोडून दिलंय, जमिनीत काहीच नाही. उघड्या स्लॅबवर लोखंडी स्टँड, अवकाळीचे दिवस, मराठवाड्यात दरवर्षी विजेनं माणसं-जनावरं जातात. मॅनेजरना लेखी दिलंय, खड्डा, तांब्याची पट्टी, मीठ-कोळसा, ते नको तर तयार अर्थिंग रॉड, आणि अर्थ टेस्टरनं मोजलेला रेझिस्टन्स रिपोर्टला जोडायचा. स्लॅबला दक्षिणेकडून कठडा नाही तो पण लिहिलाय. मृगाच्या आत करतो म्हणालेत, मेच्या शेवटच्या आठवड्यात टेस्टर घेऊन चक्कर मारतो.